चावलेला मणी

५ जानेवारी, रविवार
आजपासून मण्यांच्या नोंदी ठेवणार. संग्रह आता तेवढा झालाय. बायको म्हणते तीन डबे म्हणजे संग्रह नव्हे. तिला काय कळतंय.
छंद असावा तर असा. नाणी काळी पडतात, तिकिटांना हात लावता येत नाही. मणी मात्र मुठीत घेतला की आधी गार लागतो, मग हळूहळू आपलाच होतो. माझा निळा काचमणी खिडकीशी धरला की आत एक बुडबुडा दिसतो. कुणा कारागिराच्या हातून चुकून आत राहिलेली हवा, अजून तिथेच आहे. पाहताना फार बरं वाटतं. हा मणी ऑफिसला जातानाही खिशात असतो.
फसवणुकीचं म्हणाल, तर वीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासतोय. काटा मारणारा माणूस मला चालीवरून कळतो. तरी नियम लिहून ठेवतो.
एक: मोजून द्यावं, मोजून घ्यावं.
दोन: आपली वस्तू समोरच्याच्या हातात असेल तोवर नजर हलवू नये.
तीन: गोड बोलणाऱ्यापासून लांब राहावं.

८ जानेवारी
बायकोने तिच्या आईची माळ दिली. पिवळे मणी, दोरा पार कुजलेला. नव्याने ओवून द्या म्हणाली. पुढच्या महिन्यात अकरा तारखेला तिची धाकटी बहीण येतेय, तेव्हा गळ्यात हवी. दोघींनी आईला या माळेशिवाय कधी पाहिलंच नाही म्हणे.
एका मण्यावर दातांच्या खुणा. बायको लहानपणी आईच्या मांडीवर बसून तोच चावायची. सांगताना तिचा आवाज जरा बदलला.
चावलेला मणी म्हणजे जाणकारांच्या लेखी बाद. हे तिला सांगितलं नाही. मन मोडायचा माझा स्वभाव नाही. ओवून देतो म्हटलं, दोन दिवसांचं काम.

१२ जानेवारी, रविवार
मणी जमवणाऱ्यांच्या मंडळात गेलो. वाचनालयाचा हॉल, दर रविवारी विक्रेत्यांची टेबलं लागतात. माळ सोबत घेतली होती, त्या जाडीचा दोरा मिळतो का बघायला.
कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाईंचा अनुभव विलक्षण. मी एक लाल मणी उचलला तर म्हणाल्या, तो प्लास्टिकचा आहे, मुलांच्या खेळासाठी ठेवलाय. दुसरा उचलला. त्याला आतून तडा आहे म्हणाल्या. तिसरा चांगला आहे, पण जुना नाही, गेल्या वर्षीचाच. स्वतःच्या मालाची अशी निंदा कोण करतं? इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचा नक्की काहीतरी डाव असणार. लांब राहायचं ठरवलं.
याउलट दारापाशी एक सज्जन गृहस्थ भेटले. पांढरा शर्ट, मृदू बोलणं. म्हणाले, "बाजारात लबाड फार झालेत, सर. तुमच्यासारखी नजर असलेला माणूस महिन्यातून एखादाच येतो." माणूस लगेच ओळखता येतो तो असा.
त्यांनी ॲम्बरचा एक मणी दाखवला. ॲम्बर म्हणजे झाडाचा चीक युगानुयुगं गोठून दगड झालेला. आत एक माशी. बरोब्बर मधोमध, दोन्ही पंख पसरून, फोटोला बसल्यासारखी. खिडकीशी नेऊन तीनदा पाहिला.
माझ्या माळेकडेही त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सुस्कारा सोडून म्हणाले, सासूबाईंची का? असतात भावना. वर माशीचा मणी घरी नेऊन तपासा म्हणाले. पैसे नकोत. पटला तर ही जुनी माळ द्या, नाहीतर मणी परत.
असा विश्वास आज कोण टाकतो.

१४ जानेवारी
जबर सर्दी. नाक पूर्ण बंद. सकाळी पेलाभर दूध प्यायलो, ते नासलेलं होतं असं मुलीने नंतर सांगितलं. मला काहीच जाणवलं नाही. प्रकृती मुळात दणकट आहे.
ऑफिसला दांडी. म्हणजे परीक्षेला वेळ मिळाला.

१५ जानेवारी
शास्त्रशुद्ध परीक्षा.
पहिली, मिठाच्या पाण्याची. खाऱ्या पाण्यात ॲम्बर तरंगतं, प्लास्टिक सहसा बुडतं. घरातलं मीठ संपलं होतं. साधं पाणी घेतलं. माशीचा मणी आणि माळेतला एक, दोन्ही बुडाले. मीठ हा तसा तपशीलच.
दुसरी, तापलेल्या सुईची. हीच खरी. सुई टोचली की अस्सल ॲम्बरला झाडाच्या डिंकाचा वास येतो, नकलीला जळक्या प्लास्टिकचा. पुस्तकात स्पष्ट दिलंय.
माशीच्या मण्याला खालून टोचली. दहा वेळा हुंगला. प्लास्टिकचा वास अजिबात नाही. म्हणजे अस्सल.
सासूबाईंच्या माळेतला एक मणी टोचला. दहा वेळा हुंगला. डिंकाचा वास अजिबात नाही. म्हणजे नकली.
इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो.
परीक्षा चालू असताना घरच्यांची लुडबुड. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, बाबा, काहीतरी प्लास्टिक जळतंय, आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. मी कुकरचं हँडल बघ म्हटलं. थोड्या वेळाने बायकोने आतून विचारलं, नवीन फिनेल आणलंत का, छान झाडांसारखा वास येतोय. दोघींची नाकं अशी. एका घरात दोन मतं.
बिचाऱ्या सासूबाई. जन्मभर खोटे मणी घालून हिंडल्या. वाईट वाटलं.

१९ जानेवारी, रविवार
व्यवहार झाला.
गृहस्थ अत्यंत उदार. माळ तर घेतलीच, पण बदल्यात माशीच्या मण्याबरोबर एक नवी पिवळी माळही दिली. रंग तोच, मणी सगळे गोल, एकही चावलेला नाही. म्हणाले, घरात वाद नको, सर. किती बारीक विचार.
नकली जाऊन नकलीच आली, वर एक अस्सल मिळाला. बायकोचा कणभर तोटा नाही. हे तिला समजावून सांगता येईल, पण तिला तर्काची सवय नाही. तेव्हा सांगायचं नाही.
मोजून दिलं, मोजून घेतलं. नियम पाळला.

२३ जानेवारी
बायकोला माळ दिली. तिने एकेक मणी बोटांखालून सरकवला. शेवटपर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून. मग विचारलं, चावलेला कुठला?
मी म्हणालो, पॉलिश करून घेतली, त्यात खूण गेली.
हे खोटं म्हणता येणार नाही. पॉलिश केली असती तर गेलीच असती.
ती बरं म्हणाली. माळ गळ्यात न घालता कपाटात ठेवली. जेवताना म्हणाली, आईच्या माळेला खूण राहिली असती तरी चाललं असतं. मग वाढायला उठली ती बराच वेळ बसली नाही.
बायकांना नवी वस्तू अंगवळणी पडायला वेळ लागतो.

२ फेब्रुवारी, रविवार
सर्दी गेली. चहाला वास आला. शुभशकुनच म्हणायचा, कारण मंडळाच्या सेक्रेटरींनी पुढच्या रविवारी माझं व्याख्यान ठेवलंय. विषय: लबाड विक्रेते कसे ओळखावेत. त्यांचे ठरलेले वक्ते आजारी पडलेत, पण तो निव्वळ योगायोग.
प्रात्यक्षिक करणार. सर्वांसमोर माशीच्या मण्याला तापलेली सुई. मी सांगणार, हुंगा.
बायकोला आणि मुलीला आग्रहाने बोलावलं. बायको आजवर एकदाही हॉलमध्ये आलेली नाही. नवरा काय चीज आहे ते तिलाही कळू दे. मुलगी म्हणाली, बाबा, झाकली मूठ राहू द्या. तिला स्टेजची भीती आहे, लहानपणापासून.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
इस्त्रीचा शर्ट. भाषण पाठ. मुद्दा पहिला: लबाड माणूस आपली स्तुती करतो. मुद्दा दुसरा: तो घरच्यांपासून लपवायला शिकवतो. मुद्दे कसे सुचतात कोण जाणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हॉल भरलेला होता. सज्जन गृहस्थांचं टेबल मात्र रिकामं. त्यांनी ऐकायला हवं होतं.
सुरुवात छान. टाळ्या दोनदा.
सुई तापवली. टोचली.
वास आला. यावेळी मलाही आला.
पहिल्या रांगेने रुमाल काढले. सेक्रेटरी खिडक्या उघडायला धावले. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, नकली कसा असतो याचा हा नमुना. मागून कोणीतरी विचारलं, मग अस्सल दाखवा ना.
कोपऱ्यातल्या बाई उठल्या. आमच्या टेबलावर आहे, म्हणाल्या. पिवळी माळ घेऊन पुढे आल्या. दारापाशी बसणाऱ्या त्या माणसाकडून गेल्या रविवारी घेतली, खाऱ्या पाण्यात तरंगवून पाहिली, अस्सल जुनं ॲम्बर आहे. फक्त दोन दोष सांगते. एका मण्याला कुणीतरी सुई टोचलीय. आणि एक चावलेला आहे.
बायको तिसऱ्या रांगेत होती. उठली. पुढे आली. माझ्याकडे पाहिलं नाही. माळ हातात घेऊन बोटांनी सरकत गेली आणि एका मण्याशी थांबली. तो ओठांना लावला. डोळे मिटले. इतक्या माणसांत.
मग पर्स उघडली.
बाईंनी विचारलं, तुमच्या ओळखीची आहे का?
"माझ्या आईची आहे," बायको म्हणाली. "यांनी पॉलिश करून आणली होती."
बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी घेतली होती तेवढ्यालाच माळ परत दिली, वर काही घेतलं नाही. म्हणजे त्यांचा डाव नव्हता. बहुधा कधीच नव्हता.
घरी येताना जिन्यात मुलगी हळूच म्हणाली, बाबा, त्या आठवड्यात तुम्ही नासलेलं दूध प्यायला होतात.
मी कुलपात किल्ली उलटी घातली.

१० फेब्रुवारी
ऑफिसमधून आलो तर जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरलेला. त्यावर माळ, सुई, नवा दोरा. बायको समोरच्या खुर्चीत.
उद्या बहीण येतेय, म्हणाली. बाहेर कुणाकडे देणार नाही. इथेच बसून ओवा.
मला जरा बरं वाटलं. अजून काम तर सांगते.
तिने जुना दोरा कापला. एकेक मणी टॉवेलवर ठेवत मोठ्याने मोजला. मोजून माझ्याकडे सरकवले. मग हाताची घडी घालून बसली.
मी ओवू लागलो. मणी, गाठ, मणी, गाठ. फोन वाजला. तिने मुलीला घ्यायला सांगितला. दारावरची बेल वाजली. तीही मुलीनेच बघितली. बायकोची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही.
कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मग आठवलं, पाच जानेवारी. नियम एक आणि दोन. तिने ही वही वाचलेली नाही. तिला वाचायची गरज पडली नाही.
वीस वर्षं मी दुकानदारांसमोर असाच बसतो. समोरच्या खुर्चीत कसं वाटतं ते माहीत नव्हतं. फार वाईट वाटतं.
मणी संपले. तिने मोजले. एक कमी.
तिने माझ्या बाहीकडे बघितलं फक्त. मीच उठलो आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. निळा काचमणी तेवढा निघाला. तो टेबलावर ठेवला. तिने तोही उचलून, उजेडाकडे धरून पाहिला, आणि परत ठेवला.
मग मुलीने टॉवेल झटकला. मणी घडीत अडकला होता. चावलेलाच.
मी ओवायला हात पुढे केला. बायकोने तो मणी माझ्या हातात दिला नाही. सुई मागून घेतली आणि स्वतः ओवला.