अंकातले तुमचे सतरा फोटो

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी शाळेचा तो वार्षिक अंक हाताला लागला की माझं डोकं फिरतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरतेतली आपली मराठी शाळा, लूमवर राबणाऱ्यांची पोरं आणि पहिल्यांदाच फोटोंसकट छापायचा अंक. माझ्या मामाचा कतारगामला स्टुडिओ, म्हणून फोटोंचं काम दहावीतल्या माझ्याकडे आलं. मामाने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि एवढंच सांगितलं, "पोरांना रांगेत उभं करू नको. ती तुला विसरली की फोटो पाड." दोन महिने मी तेच केलं. भूमितीत अडकलेला वर्ग, खो-खोत उडालेली धूळ, प्रयोगशाळेच्या खिडकीशी परीक्षानळीवर वाकलेली माझ्या बाकावरची मैत्रीण.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तुम्ही ते फोटो पत्त्यांसारखे टेबलावर टाकलेत. "यात शाळा कुठंय? फाटके गणवेश दिसतात नुसते. ट्रस्टींना हे दाखवू?" आणि छापलंत काय? तुम्ही हार घालताना, तुम्ही हार घेताना, तुम्ही रिबिनीशी कात्री घेऊन. दुसऱ्याच कुणाकडून पाडून घेतलेले सतरा फोटो, मी मोजलेत. निम्म्यांत डोकं कापलेलं, उरलेल्यांत फ्लॅशने चष्मा पांढराफटक. वर्गाच्या फोटोला तर कमाल केलीत. पांढरे बूट नसलेल्यांना रांगेतून बाहेर काढलंत. मैत्रिणीच्या पायात निळ्या चपला होत्या. "सर, फोटो पायांचा आहे का?" मी विचारलं, तर मलाही बाहेर काढलंत.

सुट्टीत ती काविळीने गेली. शाळा उघडल्यावर तिची आई अंक घेऊन येते, तुमच्या टेबलासमोर उभी राहते. तुम्ही बसा म्हणत नाही. ती अहिराणीत लेकीबद्दल विचारते, "सर, मनी पोर कोठे शे यामा?" मी दाखल्यासाठी दारात थांबलेली. अंकाकडे न बघताच तुम्ही म्हणता, "मागच्या रांगेत असेल. नीट बघा." ती बाई बोट ठेवून एकेक चेहरा बघत राहिली. तिची पोर तिथे नव्हतीच, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. खोटं बोलायलाही तुम्ही मान वर केली नाहीत, सर. मी तिला हाताला धरून स्टुडिओत नेलं. मामाने खिडकीशी वाकलेली तिची पोर मोठी करून दिली. भेस्तानच्या त्यांच्या घरात तो फोटो अजून आहे. शाळेचा अंक म्हणाल तर मी तेवढं एकच पान मानते.

तुम्ही गेलात तेव्हा स्टुडिओ माझ्याकडे आला होता. भिंतीवर लावायला तुमचा बरा फोटो हवा म्हणून तुमचा मुलगा आला. सतरांपैकी एकातही चेहरा धड नव्हता. माझ्या जुन्या पाकिटात एक निगेटिव्ह निघाली. मधल्या सुट्टीत, कुणी बघत नाही असं समजून, तुम्ही स्वतःशीच काहीतरी गुणगुणत हसताय. नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते. तो फोटो मी फार मन लावून केला, आणि त्यात तुम्ही भला माणूस दिसता.