विचारल्याशिवाय घातलेलं गाऱ्हाणं

मामा, यंदा खंडेनवमीच्या सकाळी मी खाणीच्या राखणदार देवाच्या घुमटीसमोर उभा राहिलो आणि मेलेल्या बाईला बरं वाटू दे, असं मागितलं.

तुम्ही वारल्यापासून पाळी गावच्या खाणीवरच्या आपल्या वर्कशॉपचं गाऱ्हाणं मीच घालतो. डंपर धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभे होते आणि माणसं माझ्या मागे. वही बघून मी एकेकासाठी मागत होतो आणि प्रत्येक मागण्याला मागून ‘होय म्हाराजा’ येत होतं. बेळगावकडच्या वेल्डरची पाळी आली. मी म्हटलं, “ह्येच्या बायलेच्या दुखण्याक उतार पडूं दी.” मागून काहीच आलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. तेव्हा शेजारच्या फिटरने माझा हात धरला आणि कानात सांगितलं, “साहेब, ती गेली. चार महिने झाले.” वहीतली ओळ गेल्या वर्षीची होती. वेल्डरच्या तेव्हाच्या दहा दिवसांच्या रजेवर सही मात्र माझीच. अर्जात कारण होतं ‘घरगुती’, आणि तेवढं मला पुरलं होतं.

तुम्ही जुने मेकॅनिक, सगळ्यांचेच मामा; तुमच्याकडे वही नव्हती. दसऱ्याच्या आधी आठ दिवस तुम्ही वर्कशॉपभर फिरत असायचात. कुणी जॅकखाली असेल तर त्याच्या पायांशी उकिडवे बसून विचारायचात, “कितां रे, घरा सगळां बरां मा?” गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या वर्षी मी नवा सुपरवायझर म्हणून आलो, तेव्हा जेवणाच्या सुटीत कोकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांकडे पाठ करून बसत. तुमचं गाऱ्हाणं तुमच्या गावच्या, चोपड्याच्या बोलीत असायचं. ते कुठल्या भाषेतलं, हे त्या वादात कुणीच विचारलं नाही. बहुतेक प्रत्येकजण आपलं नाव कधी येतं ते ऐकत असावा.

त्याच वर्षी एक ड्रायव्हर तीन दिवस लागोपाठ उशिरा आला आणि मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. चहाच्या वेळी तुम्ही पाव मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवलात.

“किती वाजता इलंय, तां तीन फावट विचारलंय. कित्याक उशीर जालो, तां एक फावट तरी विचारलंय?”

“विचारून कितां करूं, मामा? ड्युटी ती ड्युटी.”

“काय करूं नको. पण दसऱ्याक मगे तेच्यासाठी कितां मागतलंय? तुझी ड्युटी?”

बाकीचे हसले, मीही हसलो. म्हातारा देवभोळा आहे, कामात देव घुसवतो, असं तेव्हा मनात आलं. दोन वर्षांमागे कंपनीने आम्हांला पणजीला एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. हाताखालच्या माणसाचं मन कसं ओळखावं, त्याचं ऐकावं कसं, हे एक तरुण बाई पडद्यावर चित्रं दाखवून शिकवत होत्या. चांगलं शिकवत होत्या. मी सगळं उतरवून घेतलं आणि पूर्ण वेळ तुमचाच विचार करत होतो. देवासमोर चुकीचं मागायला नको, या भीतीने तुम्ही माणसांना विचारत होता, की विचारायची ओढ आधीपासूनच होती आणि देव नुसतं निमित्त? माझी देवावर श्रद्धा आहे, रोज दिवा लावतो. तरी मला विचारायला सुचलं नाही. म्हणजे नुसत्या श्रद्धेने ते येत नसावं. मग कशाने येतं? हे तुम्हांला विचारायचं राहून गेलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वेल्डरने राजीनामा आणून दिला. “परवाचं मनात धरू नका ओ साहेब. पोरी गावाकडं आईजवळ हायत. जातो म्हणतो.” खनिज भरणाऱ्या लोडरचं तडकलेलं बकेट त्याच्यासारखं कुणाला जोडता येत नाही. मी कागद खणात ठेवला आणि सही टाळत राहिलो.

रविवारी त्याच्या खोलीवर गेलो. त्याने खाट झटकून मला बसवलं. मी म्हटलं, “चुकलं माझं. तिला काय झालं होतं?” तो सांगत गेला, दुपार सरेपर्यंत सांगत राहिला. मधे एकदा उठून त्याने चहा केला. शेवटी मी म्हटलं, “कंपनीची खोली मिळवून देतो. पोरींना घेऊन ये, शाळा जवळच आहे.” त्याने कप विसळून पालथा घातला.

“चार महिन्यांमागं विचारला असता तर आणल्या असत्या की, साहेब. आता त्यांना आज्जीची सवय झालीया. आता मलाच जायला पायजे.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठे टाकणार? चोपड्याच्या घरीही आता तुमचं कुणी राहत नाही. पण एक सांगून टाकतो. त्याच्या दारात चपला काढताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते बकेट आता कोण जोडणार, हे. त्याची गेलेली बायको नंतर आली, पोरी त्याहून नंतर. तुमचंही असंच व्हायचं का, मामा?

आज सकाळी मी त्याच्या राजीनाम्यावर सही केली.