जेटीजवळच्या घराचा अर्धा वाटा

मी, भिकाजी विठू मयेकर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा पूर्वी गलबतावर तांडेलकी, हल्ली पडवीत खोकत बसणे, राहणार मालवण, जिल्हा रत्नागिरी, हा कागद राजीखुशीने करून ठेवतो. माझी बुद्धी आज शाबूत आहे. ती शाबूत नव्हती तेव्हा एक घर घेतले, त्यासाठीच हा खटाटोप.

कलम पहिले. राहते घर, परसातले अकरा माड आणि विहीर माझी पत्नी सुभद्रा हिला. तिच्यामागे मुलगी हिरा हिला. गलबतावरचे होकायंत्र जावयाला द्यावे. त्याला त्यातले काही कळत नाही, पण मागे दोनदा त्याने हातात घेऊन पाहिले आहे.

कलम दुसरे. जेटीजवळचे चार खोल्यांचे घर. हे सन १९५२ साली मी आणि सुभद्रेचा सख्खा भाऊ गुणाजी पराडकर, दोघांनी निम्मेनिम्मे घेतले. बोटीच्या उतारूंना खोल्या द्याव्यात आणि म्हातारपणी बसून भाडे खावे, हा बेत. बेत गुणाजीचा, हाव दोघांची.

खरेदीखत झाले त्याच दिवशी देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्ये दोगे म्हेवणे एकमतान घर घेतत. एकान दुसऱ्याच्या मर्जीशिवाय आपलो वाटो इकलो, तर तेका तू बघून घे रे म्हाराजा!" जमलेले म्हणाले, "व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आग लागो त्या आवाजाला!

सन छप्पन्नमध्ये गुणाजीने गिऱ्हाईक आणले. मी म्हटले, भाव चढतोय, थांब. अठ्ठावन्नमध्ये हिराचे लग्न ठरले, तेव्हा विकायची गरज मला पडली. गुणाजी म्हणाला, "तेवा माका अडवलंस, आता तू बस." मी बसलो तो आजपर्यंत बसलोच आहे. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आणि सुभद्रेचे माहेर बंद. तिला मीच जाऊ दिले नाही.

वकील सांगतो की असल्या शपथेला कायदा विचारत नाही, आपला अर्धा वाटा खुशाल विका. वकील कुडाळचा. इथे मालवणात देवाच्या शपथेत अडकलेले अर्धे घर फुकट दिले तरी कोणी घेत नाही, मी विचारून पाहिले आहे. गुणाजीच्या बाजूचे वासे तो बदलत नाही, माझ्या बाजूचे मी बदलत नाही, आणि पाणी दोन्हीकडे गळते. चारही खोल्यांत आता दत्ताराम शिंपी पसरला आहे. भाडे मागितले की म्हणतो, "भाडा तयार आसा हो, पण देवचा कोणाक? तुमका दिलंय तर ते रागावतले, तेंका दिलंय तर तुमी." आमच्या भांडणात सुखी असा तो एकटाच. त्याला या कागदाने काहीही मिळणार नाही.

आता जे कोणाला सांगितले नाही ते लिहितो. गाऱ्हाणे सोडवता येते, पण घालून घेणारे दोघे देवासमोर शेजारी उभे राहिले तरच. सन एकसष्टच्या श्रावणात गुणाजी आपण होऊन आमच्या घरापुढच्या खळ्यात आला. सुभद्रेला म्हणाला, "भावोजी खंय आसत गो? देवळात जावया, दोघांनी उभ्या रवान सोडवून घेवया. आवय तुजी वाट बघता." मी दाराआड होतो. घरी नाही म्हणून सांग, अशी खूण मी सुभद्रेला केली. तिने तसे सांगितले. तो पायरीवर बराच वेळ बसला, पाणी प्यायला आणि गेला.

सुभद्रा आत येऊन म्हणाली, "सख्ख्या भावाकडे खोटा बोलूक लायलात माका." मी बाहेर का आलो नाही? गुणाजी स्वतः सोडवायला आला म्हणजे त्याला घर विकायचे असणार, भाव भलताच चढला असणार, असे मला वाटले. भाव काही चढला नव्हता. पुढच्याच महिन्यात तिची आई वारली. सुभद्रा पोहोचली तेव्हा तिरडी उठली होती. मला याची लाज वाटते, आणि हे तोंडाने सांगायची छाती नाही.

कलम तिसरे. जेटीजवळच्या घरातला माझा अर्धा वाटा सुभद्रेला. गुरवाला मी विचारून घेतले आहे. घालून घेणाऱ्यांतला एक मेला तर त्याच्या जागी त्याचा वारस उभा राहू शकतो. तेव्हा सुभद्रे, माझे बारावे झाले की थांबू नकोस. गुणाजीला घेऊन देवळात जा. मग घर विका, ठेवा, नाहीतर त्याचे वासे चुलीत घाला. मला काही म्हणायचे नाही.

आठ दिवस मी रोज वहाणा घालून गुणाजीकडे जायला निघतो आणि कुंपणाच्या बेड्यापासून परत येतो. माझ्या हातून ते होत नाही. मी मेल्याशिवाय तुला भावाच्या शेजारी उभे राहता येऊ नये, अशी वेळ मी तुझ्यावर आणली.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्याखाली माझ्या हाताने सही करतो.

भिकाजी विठू मयेकर

आमच्यादेखत सही केली:
१. नाना सखाराम धुरी
२. बाबली गोविंद तारी

मुक्काम मालवण, ता. ११ नोव्हेंबर १९६४