मोसंबीच्या आळ्यातली राख

९ फेब्रुवारी, जालना

आई, बाबा गेल्याचंसुद्धा मी तुला लिहिलं नाही. तू गेल्यापासून या वहीत तुला लिहीत आले, तरी इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. आज लिहिते आहे ते तू अंगणात लावलेल्या मोसंबीबद्दल. ती मरते आहे, आणि मला वाटतं, माझ्याच हातून मरते आहे.

बाबांनी शेवटच्या आजारपणात सांगून ठेवलं होतं, "मला शहागडला गोदावरीत नेऊ नको. मोसंबीला तुझी आई रोज चहाचा चोथा टाकायची, तिथंच मलाबी टाक." असं म्हणून स्वतःच हसले. मावशी चिडली, "नदी आटली काय गं? आळ्यात कुणी टाकतं का माणसाला?" तरी मी सगळी रक्षा, अस्थींसकट, तुझ्या झाडाच्या आळ्यात पसरली आणि वर माती ओढली. वाटलं, तुम्हा दोघांना एकत्र आणलं.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली. मी घाबरून युरिया दिला. शेंडे करपले, तर पुन्हा दिला. लहानपणी गुलाबाच्या कुंडीत मी मूठभर युरिया टाकत होते, तेव्हा तू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत येऊन माझं मनगट धरलं होतंस. "आधी बघ तर, त्याला भूक हाय का न्हाई. उगाच काय कोंबून राह्यली?" मनगटावर पीठ लागलेलं मला अजून दिसतं. तरी या वेळी युरियाची पिशवी उघडताना ते आठवलं नाही.

शेवटी आळ्याच्या चारी बाजूंची माती घेतली, मिसळली, सावलीत वाळवली आणि कापडी पिशवीत घालून माती परीक्षण केंद्रात तपासायला दिली. आज निकाल आणायला गेले. तिथले साहेब कागद बघून म्हणाले, "ताई, झाड उपाशी न्हाई. क्षार लई वाढलेत, मुळांना पाणीच ओढता येत न्हाई. खत बिलकुल बंद करा. राख टाकल्ती का?"

"थोडी."

"चुलीची?"

मी हो म्हणाले. आपल्याकडे चूल कुठे आहे?

"मंग वरची चार बोटं माती काढून टाका, मुळं सांभाळून. शेणखत मिसळून दुसरी माती भरा, भरपूर पाणी सोडा. मुळं जिती असली तर वाचंल."

काढून टाका. कुठे टाकू, आई? तुझं झाड राखायचं तर बाबांना उपसायचं. त्यांना राहू द्यायचं तर तुला माझ्या डोळ्यांसमोर वाळताना बघायचं. आल्यापासून पायरीवर बसून आहे. बहराचे दिवस असून एक कळी नाही. मावशीला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आत तोडला. राख मी टाकली, युरियाही मीच. मायेनं टाकली म्हणायचीही आता लाज वाटते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. नुसती झाड जाण्याची भीती असती तर मी आजच खणायला बसले असते. भीती वाटते ती मातीत पांढरे तुकडे दिसतील याची.

उद्या : आळ्यातली माती काढणे, फावड्यानं नाही, हातानं.