आठ नंबरचा पडदा

७, सेंट ऑस्विन धर्मादाय घरे,
हेल्मर्टन
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय हिल्डा,

तुझं कंबरेचं हाड जुळतंय असं तुझ्या भाच्याकडून कळलं. बरं वाटलं. इथे सगळं नेहमीसारखं. पाद्रीबाबांना पुन्हा सर्दी. तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालते आहे.

मंगळवारी विश्वस्तांनी आर्किटेक्ट पाठवला होता. कललेली धुराडी, गळकी कौलं बघत तो आपल्या दोघींच्या लागून असलेल्या दारांपाशी थांबला.

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बांधणारा, पण डोकेबाज हो," म्हणाला. "प्रत्येक खिडकी मुद्दाम पुढे काढून तिरकी बसवलीय. आजी, तुमच्या मोरीपाशी उभं राहिलं की शेजारणीची खिडकी दिसलीच पाहिजे. एकट्या माणसांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं म्हणून."

"आम्ही त्याला भोचकपणा म्हणतो," मी म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

नऊच्या आत पडदा वर गेला नाही, तर शेजारणीनं दार ठोठावायचं, हा इथला नियम तूच मला पहिल्या दिवशी बजावला होतास. आणि आता तू सगळ्यांना सांगतेस, एनिडच्या घरातून माझी खिडकी दिसतच नाही. मेट्रननं विचारलं तेव्हा मीही मान डोलावली.

हिल्डा, दिसते. त्या सकाळी नऊला तुझा पडदा खाली होता. दहालाही. मी मोरीपाशी उभी राहून एकच कप दोनदा धुतला. पाद्रीबाबांसमोर तू माझ्या जॅमला सूप म्हणालीस, त्याला आठवडा झाला होता. मला वाटलं, बसली असेल फुगून, मी कशाला पडतं घेऊ? बाराला पोस्टमन आला म्हणून कळलं. तोवर तू थंड फरशीवर पडून होतीस, माझ्या दारापासून चार पावलांवर. मला माझीच लाज वाटते.

काल मेट्रनला खरं सांगितलं. तिनं नुसती चहाची किटली चढवली.

तुझं घर नाताळपर्यंत राखून ठेवणार आहेत. तू भाच्याला म्हणालीस म्हणे, परत जाईन, शेजार चांगला आहे. ते ऐकल्यावर मला हे लिहिल्यावाचून राहवेना. तुला सात नंबरात दुसरं कोणी हवं असेल, तर मी बारा नंबरात जाते. मेट्रनला तसं सांगून ठेवलंय. तिथून नुसती चॅपेलची भिंत दिसते. ठरव आणि कळव.

जिला तू पाठीशी घातलंस, ती
एनिड