सोड्यात धुतलेल्या काचा

३ मार्च १९३६
मुलांसाठी फोटोवाल्याच्या कामावर पुस्तक लिहितेय. पाच प्रकरणं झाली. सहाव्यासाठी शाळेसमोरच्या हुसेनचाचांच्या दुकानात तासभर. फोटो आधी काचेवर उमटतो, मग कागदावर; बिघडलेल्या काचा ते टाकत नाहीत. गरम पाणी, सोडा, वरचा फोटोचा थर खरवडायचा, तीच काच तसबिरीला. माझ्या वर्गातल्या मुलींना आवडेल. हात भाजला, असो.

५ मार्च
चाचा खापर गावच्या बाजाराहून आले, जेवले नाहीत. लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसांनी डोंगरातल्या एका पावरा आदिवासी मजुराला बैलगाडीच्या चाकाला बांधून मारलं. उलट बोलला म्हणून. मेला. ठेकेदार म्हणतो, गाडीवरून पडला. चाचांनी पाठीचा फोटो घेतला. सालटं निघालेली, बरगडी दिसत होती. काच तयार आहे, छापायचा कागद धुळ्याहून यायचाय.
हे कुठल्या प्र. मध्ये घालू?

७ मार्च
भर दुपारी ठेकेदाराची चार माणसं दुकानात. कॅमेरा फोडला. मग चाचांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने. ओरडणं वर्गात येत होतं. मी पाढे म्हणून घेत राहिले. लाज वाटते स्वतःची.
काच त्यांना सापडली नाही. चाचा दवाखान्यात.

९ मार्च
दुकान झाडलं. उंबऱ्यावरचं रक्त काही निघेना. कोपऱ्यात रद्दी काचांची चळत, तेवढीच शाबूत. चाचांना बरं वाटेल म्हणून सगळ्या सोड्यात धुतल्या. अकरा. लख्ख निघाल्या. प्र. ६ आता अनुभवाने लिहिता येईल.

११ मार्च
दवाखान्यात गेले. चाचांची दोन बोटं कापली. तरी हसले.
"बाई, बोटं गयात, पन काच दिन्ही नही. रद्दी काचास्मा ठेयेल शे. तठे कोन देखस?"
म्हणजे ती त्या अकरा रद्दी काचांतच ठेवलेली होती. धुताना एकही काच उजेडाला धरून बघितली नव्हती. चार माणसांना कुऱ्हाड घेऊन जमलं नाही ते मी

१२ मार्च
उद्या कचेरीत सुनावणी. मजुराची बायको डोंगरातून चालत आली. चाचाही हाताला पट्टी बांधून दुकानात येऊन बसले. म्हणाले, "बाई, काच आना."
धुतलेल्यांतलीच एक उचलून पुढे केली. मजुराच्या बायकोनेच घेतली, उजेडाला धरली. तोडक्या अहिराणीत विचारलं, "मन्हा नवरा कठे शे यामा?"
"कागदावर उतरवला की दिसेल," मी म्हटलं.
चाचांनी तिच्या हातातली काच पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.
शाळेची घंटा होऊन गेली, मी इथेच. ती पायरीवर बसलीय. काच पदरात गुंडाळून घेतली आहे, फुटू नये म्हणून.