माझा प्रभाव आणि पांढरी डुकरीण

सोमवार, ३ जून

घरी आठवड्यातून एकदाच फोन करायचा असा आमचा नियम. आज केला. आयडाहोत बटाटे लावून झाले. आई रडली. मी धीर दिला. नंतर शेजारच्या वेहिकित्यांच्या चुलीपाशी जाऊन बसलो, तर धुरानं डोळ्यांना नुसती धार लागली. या बेटावर धूर फार.

दोन वर्षं मिशनरी म्हणून काढायची आहेत. पहिले काही महिने संपत आले. टोंगन भाषा जवळपास आली. माझा कंपॅनियन, म्हणजे जोडीदार मिशनरी, एल्डर सापोलू म्हणतो, अजून तू प्रार्थनेत 'कृपा' म्हणायला जातोस आणि 'कुंपण' म्हणतोस. तो मूळचा सामोअन, ऑकलंडमध्ये वाढलेला. बारकावे त्यालाही कळत नसणार.

मंगळवार, ४ जून

साडेसहाला उठायचं. आज सव्वासात झाले. कोंबडे रात्रभर ओरडतात. ही सबब नव्हे, कारण आहे.

वेहिकित्यांचं घर आमच्या चर्चमध्ये येणार याबद्दल मला शंका नाही. सेमिसीकाका होडी घेऊन मासे मारतात. बायको कालोलाइने, त्यांना मी मावशी म्हणतो. मुलगी लोसालीने. तिघं पिढीजात वेस्लियन या दुसऱ्या पंथाची, सेमिसीकाका तिथल्या चर्चच्या गायनात खर्जात गातात. आमच्याकडे खर्जाचा आवाज नाहीच. सगळं कसं जुळून येतं.

शुक्रवार, ७ जून

वेहिकित्यांना झाडाखाली बसून धर्माचा पहिला धडा दिला. तासभर. सेमिसीकाकांनी डोळे मिटून ऐकला. सापोलूच्या मते ते झोपले होते. घोरणं आणि हुंकार यातला फरक त्याला कळत नाही.

निघताना त्यांच्या एका ठिपक्याच्या कोंबडीचं कौतुक केलं. संध्याकाळी ती कोंबडी पाय बांधून आमच्या पायरीवर हजर. मी काही मागितलं नव्हतं. याला प्रभाव म्हणतात.

सापोलू म्हणाला, इथे कुणाच्या वस्तूला छान म्हणू नकोस, मग त्यांना ती द्यावी लागते. त्याला इथे येऊन वर्ष होत आलं, कोणी अंडंसुद्धा दिलेलं नाही. त्याचं दुःख मी समजू शकतो.

गुरुवार, २० जून

मावशींनी पेटीतून एक बारीक विणीची चटई काढून उन्हात टाकली होती. त्यांच्या सासूनं विणलेली. कापडासारखी मऊ. मी म्हणालो, आमच्या देशात अशी वस्तू म्युझियममध्ये ठेवतील. मावशी चटईकडे बघत राहिल्या. मग घडी करून माझ्या हातात दिली.

 घरी आल्यावर सापोलू एवढंच म्हणाला, तुला काय सांगितलं होतं मी. मी म्हणालो, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ते खरंच आहे.

चटई पलंगाशेजारी टाकली. उद्यापासून तिच्यावर रोज वीस जोर.

सोमवार, २४ जून

जोर अजून सुरू झालेले नाहीत. चटईवर सध्या बूट ठेवतो.

फोन. आई आज रडली नाही, म्हणजे जवळजवळ नाही. वडिलांनी विचारलं, काम कसं चाललंय. मी म्हणालो, एक अख्खं कुटुंब येतंय. फोन ठेवल्यावर थोडा वेळ मोरीत दार लावून बसलो. सर्दी झाली आहे.

लोसालीने माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आम्हाला मुलींपासून लांब राहावं लागतं हे बिचारीला कळत असावं. तिला बळ मिळो अशी प्रार्थना केली.

रविवार, ३० जून

वेहिकित्यांकडे बायका जमून चटया विणतात, काही तरी मोठं ठरलं आहे. मी ओळखलं. सेमिसीकाकांना सरळ विचारलं, बाप्तिस्मा कधी घ्यायचा. ते म्हणाले, बघू. टोंगनमध्ये बघू म्हणजे जवळजवळ होच.

घरी ईमेलनं कळवलं. आमच्या गावच्या चर्चमध्ये आता तिघांची नावं घेऊन प्रार्थना होईल.

गुरुवार, ४ जुलै

जेवणाआधीची प्रार्थना मी सांगितली. रंगात आलो होतो. वेहिकित्यांचं घर, होडी, नारळ आणि अंगणातली ती गुबगुबीत पांढरी डुकरीण, सगळ्यांवर देवाची कृपा मागितली. डुकरिणीवर जरा जास्त वेळ बोललो. सापोलू खोकत होता. त्याला माझी सर्दी लागली.

शनिवार, ६ जुलै

माझा वाढदिवस. एकोणीस पूर्ण.

वेहिकित्यांनी जेवायला बोलावलं. अंगणात जमिनीतली भट्टी उघडली, आत ती पांढरी डुकरीण. अख्खी. माझ्यासाठी. मावशींनी कुरकुरीत कातडीचा पहिला तुकडा माझ्या पानात वाढला. मी तीनदा घेतलं. सापोलूनं नुसते कंद खाल्ले. तो मनानं कोता आहे, हे आता लिहायला हरकत नाही.

लोसालीने जेवायला बसली नाही.

जेवण झाल्यावर उभा राहून आभाराचं भाषण केलं. बोलताना आवाज जरा बसला. खाणं जास्त झालं होतं.

सोमवार, ८ जुलै

फोनवर डुकरिणीची गोष्ट सांगितली. वडील म्हणाले, शाब्बास.

दुपारी लोसालीने नळावर होती. सापोलू बादली भरत होता, मी शेजारी उभा. ती प्रथमच माझ्याशी बोलली. मला नीट कळलं नाही, परत सांग म्हणालो. मग तिनं पोराबाळांना सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

वीस तारखेला माझं लग्न आहे. ती डुकरीण माझ्या लग्नाची होती. दोन वर्षं मी तिला नारळ घातलाय. ती चटई माझ्या आजीची, लग्नात नवरी चटई कमरेला नेसते, मी तीच नेसणार होते. बाबा आता काकांकडे उधार डुक्कर मागायला जातायत. तुझं झालं खाऊन?

मी म्हणालो, तुझं लग्न आहे हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, महिनाभर आमच्या अंगणात बसतोस, एकदा तरी कुणाला काही विचारलंस?

ती आपली बादली घेऊन गेली.

कोणी मला सांगितलं नव्हतं. कौतुकाबद्दल सापोलूनं सांगितलं होतं, पण त्याचा सूर बरोबर नव्हता.

तीच तारीख, नंतर

सूर बरोबर होता.

बुधवार, १० जुलै

नवीन धोरण. कशाचंही कौतुक करायचं नाही.

मावशींनी अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि मांस घालून भाजलेलं लू दिलं. जगात याहून चांगलं काही नसेल. मी म्हणालो, ठीक आहे. सेमिसीकाकांनी नवी होडी दाखवली. लहान आहे म्हणालो. सूर्यास्ताकडेही पाठ करून बसलो.

मावशींनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सेमिसीकाकांनी सापोलूला बाजूला घेऊन विचारलं, पोराचं पोट बिघडलंय का.

शुक्रवार, १२ जुलै

चटई परत द्यायचं ठरवलं. झटकायला बाहेर नेली. बुटांच्या जागी काळ्या पॉलिशचे दोन डाग. साबण लावला. पसरले. लिंबू लावलं. आता तळहाताएवढे झालेत.

सापोलूला दाखवले. वाटलं, चिडेल. तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, दिलेली वस्तू परत नेलीस तर त्यांचा अपमान होईल. पण लग्नात पाहुणे चटया आहेर देतात. आहेर म्हणून दे. मी म्हणालो, आणि डाग? तो म्हणाला, डागासकट.

शनिवार, १३ जुलै

माफी मागायला गेलो. वाक्यं पाठ केली होती. मावशी मासे साफ करत होत्या. मी उभ्यानंच सगळं म्हणून टाकलं. मला रीत माहीत नव्हती, मी कौतुक करत गेलो, तुम्हाला द्यावं लागलं, मी लोसालीनेच्या लग्नाचं वाटोळं केलं.

मावशींनी सुरी खाली ठेवली. हसल्या. म्हणाल्या, ती जुन्या माणसांची रीत रे. कौतुक तर तू आमच्या कुंपणाचंही केलंस. दर प्रार्थनेत करतोस. कुंपण उपटून दिलं का तुला?

मग डुकरीण का दिली, मी विचारलं.

म्हणाल्या, तू रडतोस म्हणून.

मी म्हणालो, धूर असतो.

त्या म्हणाल्या, पहिल्यांदा येऊन बसलास त्या दिवशी मी चूल पेटवलीच नव्हती. आणि तुमच्या मोरीची खिडकी आमच्या बाजूला आहे. फोन झाला की आम्हाला सगळं ऐकू येतं. सेमिसी म्हणाले, वाढदिवसाला तरी पोरानं पोटभर खावं. लोसालीने रागावली, तिचा रागही बरोबर आहे. तो आम्ही बघून घेऊ.

 मग विचारू नये ते विचारलं. बाप्तिस्म्याचं काय.

त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, माझे सासरे वेस्लियन प्रवचनकार होते. सेमिसी त्यांच्या जागी गातात. आम्ही कुठे जाणार बाबा? तुला दुपारी बसायला जागा हवी होती, म्हणून ऐकत होतो. छान बोलतोस. थोडं लांबवतोस.

सापोलू कुंपणापाशी उभा होता. त्यानं ऐकलं असणार. घरी येताना तो एक शब्द बोलला नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. कोता वगैरे लिहिलं आहे ते खोडतो.

सोमवार, १५ जुलै

फोन. वडिलांनी बाप्तिस्म्याची तारीख विचारली. गावात सगळे वाट बघतायत. मी म्हणालो, लाइन खराब आहे. लाइन स्वच्छ होती. आईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग म्हणालो, तारीख नाही. कधीच नव्हती. मी वाढवून सांगत होतो.

 आई म्हणाली, जेवतोस ना नीट? मी हो म्हणालो आणि मग जमलं नाही. या वेळी मोरीची खिडकी बंद केली. तरी ऐकू गेलं असेल.

शनिवार, २० जुलै

लोसालीनेचं लग्न. काकांचं डुक्कर लहान होतं, शेवटच्या पंगतीला पुरलं नाही. तिथे कंद आणि टिनमधलं मांस वाढलं. त्या पंगतीत मी आणि सापोलू. कोणी काही म्हणालं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

भाषण लिहून नेलं होतं. मला कोणी बोलायला बोलावलं नाही.

आहेराच्या वेळी बायकांनी एकेक चटई मांडवात उलगडून दाखवली. आमची आली. दोन्ही डाग वर.  एका म्हातारीनं डागावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. लोसालीनेनं चटई ओळखली. माझ्याकडे बघितलं. मग तीच चटई उचलून, डाग आतल्या बाजूला येतील अशी घडी घालून, नेसवायला आईच्या हातात दिली.

दुपारभर ताटं धुतली. राजधानीहून आलेल्या एका नातेवाइकानं मावशींना विचारलं, हा गोरा कोण, धर्मप्रचारक का? मी मान वर केली नाही. माझ्या मनात चार उत्तरं तयार होती.

मावशी म्हणाल्या, नाही हो. त्याची आई लांब असते. दुपारी आमच्याकडे येऊन बसतो.